मिरजेच्या पाच फेऱ्या

भूमजवळच्या ईट गावच्या बलभीमला वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत भाकरी थापता येत नव्हती. तशी वेळच कधी आली नव्हती. घरात खव्याची भट्टी होती. गावभरचं दूध गोळा करायचं, लाकडं फोडायची आणि तयार खवा सकाळच्या मोटारीनं बार्शीला न्यायचा, एवढी त्याची कामं. कढईपुढं बसायची ती त्याची आई, कमलबाई.

कमलबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या कढईपुढं होती. नवरा रझाकारांच्या धामधुमीआधीच तापानं गेला, तरी भट्टी एक दिवस थंड पडली नाही. बुटकी पत्र्याची खोली, बाभळीची ओलीसुकी लाकडं, तुराट्या आणि हातात लांब दांड्याचं उलथणं. दूध आटेपर्यंत ते फिरवत राहायचं. धुराला बाहेर जायला दाराशिवाय वाट नव्हती. विडी तिनं कधी तोंडाला लावली नाही की मिसरीचा नाद केला नाही. डोळे मात्र कायम लाल असायचे.

महाराष्ट्र झाल्याला तीन वर्षं होऊन गेली होती. त्या दिवाळीनंतर तिला खोकला लागला. भूमच्या डॉक्टरनं छाती तपासली, टीबी असावा म्हणाला आणि रोजची सुई सुरू झाली. तिचं ताट-तांब्या वेगळं झालं. बलभीमची तीन लेकरं तिच्याकडंच निजायची, ती तोडली. धाकटी सोनी दोन वर्षांची. ती उंबऱ्यात उभी राहून आजीला हात करायची आणि कमलबाई तोंडाला पदर लावून तिला लांबूनच बोलायची.

तीन महिने सुया झाल्या. खोकला हटला नाही, अंग मात्र झडत गेलं, आणि एका सकाळी थुंकीत रक्ताची रेघ दिसली. भूमचा डॉक्टर खरा माणूस. तो म्हणाला, "थुंकीत टीबीचे जंतू काही सापडत नाहीत. बार्शीला छातीचा फोटो काढा." बार्शीच्या डॉक्टरनं तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि लिंबाएवढा पांढरा डाग बोटानं दाखवला. "हे माझ्या हातातलं नाही. मिरजेला न्या. उशीर करू नका."

बार्शीहून छोटी रेल्वे थेट मिरजेला जात होती. पाडवा झाल्यावर मायलेक त्या गाडीत बसले. बलभीमची बायको विमल लेकरं, म्हशी आणि भट्टी सांभाळायला मागं राहिली.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नळी घालून छातीतला बारकासा तुकडा काढला. आठ दिवसांनी डॉक्टरनं बलभीमला व्हरांड्यात बोलावलं.

"हा टीबी नाही, बलभीमराव. फुप्फुसाचा कॅन्सर आहे."

बलभीमनं तो शब्द बार्शीच्या बाजारात एकदोनदा ऐकला होता, तोही हलक्या आवाजात. "कापून निघंल का?" त्यानं विचारलं.

"नाही. गाठ मोठ्या नळीला चिकटलीय, मानेपर्यंत पसरलीय. शिरेतून द्यायचं एक नवं औषध आहे. त्यानं ती आकसते, दम कमी लागतो. पण मुळासकट जात नाही. शिवाय त्रास होतो. उलट्या होतील, केस गळतील. चार दिवस इथं औषध, मग तीन आठवडे घरी, मग परत. असं चार-पाच वेळा."

"आन् न्हाय दिलं तर?"

"दोन-तीन महिने."

"दिलं तर?"

"काहींना वर्ष मिळतं. काहींना काहीच मिळत नाही. आईंना मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"म्या सांगतो," बलभीम म्हणाला.

सांगायला त्याला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत तो भाकरी करायला शिकला. कमलबाईला दवाखान्याचा भात उतरत नव्हता आणि खानावळीची भाकरी दोन घासांवर राहायची. आवाराच्या कडेला एक लांब छपरी होती, तिथं रोग्यांची माणसं तीन दगड मांडून स्वयंपाक करायची. सगळ्या बायाच. बलभीमनं बाजारातून तवा, परात आणि ज्वारीचं पीठ आणलं आणि एका कोपऱ्यात जाऊन बसला. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर. शेजारच्या चुलीवर आळंदकडची शिवगंगा नावाची बाई होती. तिचा नवरा पुरुषांच्या वॉर्डात होता. ती बराच वेळ बघत राहिली, मग कानडी हेलात म्हणाली, "अण्णा, पाणी कडकडीत घाला. गार पाण्यानं ज्वारी धरत न्हाई. आन् एवढं जोरात मारू नका, तिनं काय केलंय तुमचं?"

बाया हसल्या. बलभीमही हसला. तिसऱ्या दिवशी एक भाकरी अखंड निघाली. ती फडक्यात गुंडाळून तो आईकडं घेऊन गेला.

कमलबाईनं भाकरी हातात धरून फिरवून पाहिली. "ह्येला कोपरे किती हायती रं?"

"खा की. चव बघ."

तिनं दुधात कुस्करून अर्धी खाल्ली. मग हात पुसत म्हणाली, "डॉक्टर तुला भाईर काय बोलला? तीन दिस झाले, तू माझ्याकडं बघून बोलंना झालास."

बलभीमनं खाली बघत सगळं सांगितलं. डॉक्टरनं जेवढं सांगितलं होतं तेवढंच, कमी नाही आणि जास्त नाही. महिन्यांचंही सांगितलं. वॉर्डात कुणाची तरी भांडी वाजत होती. मग कमलबाईनं विचारलं, "टीबी न्हाय, ह्ये नक्की हाय?"

"नक्की."

"म्हंजे ह्ये लागत न्हाय दुसऱ्याला. लेकरं जवळ आली तर चालतंय?"

"चालतंय, माय."

"मग लई बरं झालं," ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी भाकरीही तिनं संपवली. बलभीमला तिथं बसवेना. पाणी आणायच्या निमित्तानं तो बाहेर गेला आणि नळापाशी बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी औषध सुरू झालं. पहिल्या सुईनंतर तासाभरात ती कोरड्या उलट्यांनी वाकडी झाली. बलभीम तिच्या कपाळाला एक हात लावून दुसऱ्या हातानं भांडं धरायचा. बायांच्या वॉर्डात पुरुषानं बसू नये म्हणून नर्सनं आधी हटकलं, पण दुसऱ्या दिवसापासून तीच त्याला आत बोलवायला लागली. कधी किती खाल्लं, कधी उलटी झाली, ताप किती, हे तो एका वहीत मांडायचा. शिक्षण निजामाच्या राजवटीतलं चौथीपर्यंत, त्यामुळं हात उर्दूलाच सरावलेला. डॉक्टरला ते वाचता येईना. मग रोज फेरीच्या वेळी बलभीम खाटेशेजारी उभा राहून वही वाचून दाखवायचा आणि डॉक्टर त्याच्या कागदावर उतरून घ्यायचा. "गरम दूध टिकत न्हाय, सायब. गार ताक टिकतंय," असं त्यानं एकदा सांगितलं, तेव्हा डॉक्टरनं ते दोन खाटा पलीकडच्या बाईलाही द्यायला सांगितलं.

घरी पोचल्यावर कमलबाईनं पहिलं काम केलं ते हे, की आपलं वेगळं ठेवलेलं ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत ठेवलं. मग भिंतीला टेकून बसली आणि सोनीला मांडीवर घेतलं. सोनी आधी बुजली. मग तिनं आजीच्या पोलक्याची गाठ सोडायला सुरुवात केली, तेव्हा सगळे हसले.

वैशाखात केस गेले. उशीला पुंजके लागायचे. विमल ते चोरून उचलायची. कमलबाईनं तिला धरलंच. "उचलतीस कशाला गुपचूप? डोक्यावर पदर हाय की माझ्या. कुणाला काय दिसतंय?" पण त्याच दिवशी तिनं बलभीमला जवळ बसवून एक गोष्ट बजावली. "विमलला त्या खोलीत तशी बसवू नगं. डॉक्टर काय बी म्हनू दे. माझी छाती त्या धुरानंच खाल्ली, ह्ये मला मालूम हाय."

धुरानंच झालं असं डॉक्टर ठामपणे म्हणाला नव्हता, होऊ शकतं एवढंच म्हणाला होता. बलभीमनं वाद घातला नाही. पंधरा दिवस भट्टी बंद ठेवली, पत्रा काढला, गवंडी लावून विटांचं उंच धुराडं बांधलं आणि मागच्या भिंतीला खिडकी पाडली. खव्याला धुराची चव लागते तीच खरी, ती गेली तर बार्शीत कोण घेणार, असं लोक म्हणाले. बार्शीत खवा पहिल्यासारखाच खपला.

दुसरी फेरी फार वाईट गेली. परतताना ती गाडीच्या बाकड्यावर बलभीमच्या मांडीवर डोकं ठेवून पडून होती आणि "आता मला न्हाय न्यायचं तिथं," म्हणत होती. तो हो म्हणाला. तीन आठवड्यांनी मात्र तिनंच विचारलं, "मोटार कवा हाय?" दम कमी लागत होता, तिचं तिलाच कळत होतं. चौथ्या फेरीला, श्रावणात, फोटोतली गाठ निम्म्यावर आली आणि डॉक्टरनं सुया तूर्त थांबवल्या. शिवगंगाचा नवरा तोवर वारला होता. तिची चूल दुसऱ्या कुणी घेतली होती.

त्या पौषात कमलबाई रानात हुरडा खायला चालत गेली. मध्ये दोनदा बसली, पण गेली आपल्या पायांनी. बांधावर बसून तिनं सोनीच्या तळहातावर गरम दाणे चोळून दिले आणि संध्याकाळी स्वतः कढईपाशी स्टूल टाकून विमलला उलथणं कसं धरायचं ते दाखवलं, जसं काही विमलला ते येतच नव्हतं. विमलनं सगळं ऐकून घेतलं.

संक्रांत झाली आणि खोकला परत आला. पाचव्या फेरीला रक्त इतकं कमी भरलं की डॉक्टरनं दुसऱ्याच दिवशी सुई थांबवली. "आता घरी न्या," तो म्हणाला. "दम लागला तर ह्या गोळ्या द्या. बसवून ठेवा, आडवं करू नका."

शेवटचे दोन महिने बलभीमनं तिला तक्क्याला टेकवून बसतं ठेवलं. पाठीशी तो किंवा विमल असायची. डोक्यावर नवे केस आले होते, तान्ह्या लेकराच्या जावळासारखे मऊ. चैत्रात, येरमाळ्याच्या देवीची यात्रा तोंडावर आली असताना, एका दुपारी विमल त्या केसांना तेल लावत होती. कमलबाई म्हणाली, "बास कर आता, झोप यायली." विमलनं हात काढला. थोड्या वेळानं बलभीम रानातून आला, तेव्हा ती गेली होती. सोनी तिच्या मांडीशी झोपलेली होती, तिला त्यानं अलगद उचललं.

त्याच वर्षी पावसाळ्यात शेजारच्या गावचा धोंडप्पा छातीचा फोटो कागदात गुंडाळून बलभीमच्या दारात आला. मिरजेला जायची त्याला भीती वाटत होती. बलभीम त्याच्याबरोबर गेला. धोंडप्पाच्या छातीत पाण्याची गाठ निघाली, ती कापून काढली आणि तो बरा होऊन आला. त्यानंतर कुणीतरी वर्षा-दोन वर्षाला येतच राहिलं. बलभीम सवड काढून जायचा, वॉर्ड दाखवायचा, डॉक्टरशी बोलायचा. सगळेच परत आले असं नाही. घरच्यांनी रोग्यापासून लपवायचं ठरवलं, की तो एवढंच म्हणायचा, "लपवू नगा. तुमाला वाटतं त्यापरीस माणूस घट्ट असतंय."

भट्टी विमलनं चालवली. डोळे तिचे लाल झाले नाहीत.