नवव्या दिवसाचं झाकण

"मॅडम, येक इचारू? उंदराचं डोकं नवव्या दिवशी झाकतं. मानसाचं कितव्या?"

कर्णिक मॅडमनी सूक्ष्मदर्शक दुर्बिणीवरून डोळा काढला. गजा दारात उभा होता. चार दिवसांची रजा टाकून आजच परत आलेला, दाढी तशीच.

"गजाभाऊ, आधी बसा. काय झालं?"

"बसायला नाय आलो. तेवढं सांगा."

गजा कडावचा. घरी भाताची दोन खाचरं आणि बापाच्या वेळेपासूनच्या म्हशी. आडवं आलेलं पारडू पोटात हात घालून सरळ करावं ते गजानं. कुठल्या वाडीतनं कधी बोलावणं येईल नेम नसायचा. दहा वर्षांपूर्वी खालापूरकडच्या डोंगराच्या पायथ्याला ही प्रयोगशाळा निघाली आणि जनावरांची सवय असलेला माणूस हवा म्हणून गजाला घेतलं. जनावर म्हणजे उंदीर निघाले, पांढरे आणि काळे, काचेसारख्या पिंजऱ्यांत. गावात कळलं तेव्हा पारावर रोहिदासनं टोपी काढून नमस्कार घातला होता, "ये रं, उंदरांची सुईन आली!" नाव चिकटलं ते चिकटलंच. गजानंही कधी मनावर घेतलं नाही. "म्हशीपरास बरं," म्हणायचा, "लाथ तरी मारीत नाय."

काम सांगायला सोपं. संध्याकाळी नर-मादी एकत्र सोडायचे. सकाळी मादी उचलून शेपटीखाली बघायचं, मेणासारखी खूण दिसली की कार्डावर तारीख घालायची. तिथून दिवस मोजायचे. ज्या दिवसाची मागणी असेल त्या दिवशी तो पिंजरा मॅडमकडे न्यायचा. परत येताना पिंजरा रिकामा असायचा. चिमटीत धरून पोटावरून बोट फिरवलं की किती पिल्लं हे गजा सांगायचा, आणि यंत्र लावून बघणाऱ्यांच्याआधी सांगायचा.

मॅडमनी एकदा त्याला दुर्बिणीतून दाखवलं होतं. पोटातलं दहा दिवसांचं पिल्लू, तांदळाच्या कणीएवढं. त्याच्या डोक्यात जांभळट निळी रेघ.

"जिथं निळं दिसतंय तिथं ते जीन जागं झालंय. एक जागं झालं की ते पुढच्याला जागं करतं. तसा मेंदू घडत जातो. आधी नुसती पट्टी असते, मग तिच्या कडा उचलतात आणि वर येऊन मिटतात."

गजानं बराच वेळ डोळा लावून ठेवला. "म्हंजी लावनीच्या पान्यावानी. वरच्या खाचराचं तोंड वेळंवर फोडलं नाय तर खालच्याला पानी कुठनं जानार? आन मागनं किती पन फोडा, रोप करपलेलंच."

मॅडम हसल्या होत्या. पुढं बाहेरून पोरं शिकायला आली की त्यांना हेच सांगायच्या, आणि नाव गजाचं घ्यायच्या.

काही माद्यांच्या वाणातच खोट होती. त्यांच्या पिल्लांत त्या कडा मिटायच्याच नाहीत, डोकं वरून उघडं राहायचं. अर्ध्या माद्यांना गजा खाण्यातून एक जीवनसत्त्व द्यायचा, पिवळी पूड. फॉलिक ॲसिड. अर्ध्यांना नाही. द्यायची तीही नराजवळ सोडायच्या आधीपासून, दिवस राहिल्यावर नव्हे. हे त्याला पाठ होतं.

पोरगी सुरभी मे महिन्यात खालापूरच्या बाजूला दिली. जावई स्वप्नील खोपोलीला कंपनीत. गौरीच्या सणाला सुरभी माहेरी आली. सोनुबाईनं, म्हणजे गजाच्या बायकोनं, सुके बोंबील तव्यावर टाकले तशी पोरगी नाकाला पदर लावून पडवीत गेली. गजा तिथंच विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं एकदाच बघितलं. ज्याच्या बोटाला उंदरीचं पोट कळतं, त्याला लेकीचं कळायला काय वेळ लागतो? दीड महिना असेल, जास्त नाही.

पण बापानं लेकीला असलं विचारायचं नसतं. आणि तीन महिने भरल्याशिवाय गोष्ट उंबऱ्याबाहेर काढायची नाही, दृष्ट लागते, ही रीत दोन्ही घरची. सोनुबाईनं बोंबील उलटले, गजा विळा घासत राहिला. तीन महिने भरले, मग सासू विमलबाईनं पेढे धाडले, मग सासरच्या गावातल्या छाया आशाताईकडं नाव घातलं, मग गोळ्या आल्या.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीवाल्या डॉक्टरनं पडदा वळवून घेतला आणि सुरभीला बाहेर बसायला सांगितलं. बाळाच्या डोक्याला झाकणच नाही म्हणाला. कवटी नाही, मेंदू नीट नाही. जन्मलं तरी तासाभराचं. दुसऱ्या दिवशी पोट मोकळं करून घेतलं. गजानं स्वतःच्या हातानं फडकं बांधून नदीकडेला खड्डा केला. मुलगी होती. फडकं बांधताना त्यानं डोकं बघितलं. ओळखीचं होतं.

हे सगळं त्यानं दारात उभं राहूनच सांगितलं.

मॅडमनी हातमोजे काढले. "माणसात चौथा आठवडा, गजाभाऊ. पाळी चुकून पंधरा दिवस होतात न होतात, तोवर मिटायचं ते मिटलेलं असतं. तुम्ही ओळखलंत तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही बोलला असता तरी काही झालं नसतं."

"तेवा नाय. लग्नाच्या वक्ताला बोललो असतो तर?"

मॅडमनी हातमोजे टेबलावर ठेवले.

"धा वर्सं मी आधीपासनंच देतो नव्हं?"

"दिलं असतं तरी झालंच नसतं असं नाही. आपल्याकडं दिलेल्यांतही एखादं उघडं निघतंच की."

"एखादं," गजा म्हणाला. "न दिलेल्यांत किती निघत्यात? पिल्लांचे ट्रे मीच धुतो, मॅडम."



संध्याकाळी सुटल्यावर गजा घरी गेला नाही. टमटमनं लेकीच्या गावी उतरला आणि छाया आशाताईकडून फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची दोन पाकिटं घेतली. सुरभी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. विमलबाई तांदूळ निवडत होत्या.

"या, व्याही. तुमीच सांगा आता हिला," विमलबाईंनी ग्रहणापासून सुरुवात केली. "गिरानात इळी धरू नको, बजावून सांगलं व्हतं. भेंडी चिरली हिनं. लेकराच्या डोक्यावरच गेली ना इळी!"

सुरभी चार दिवस ऐकत होती, तशी ऐकत होती.

"इहीनबाय, गिरानाचं काय नाय," गजा म्हणाला. "गोळी ऱ्हायली. दिवस जायच्या आधीपासनं खायची गोळी असते. ती खाल्ली असती तर कदाचित झालं नसतं. इळीवर घालू नका."

"आन हे तुमाला कोनी सांगलं?"

"सांगाया कशाला पायजे. मला ठावं व्हतं."

विमलबाईंचा हात सुपात थांबला. सुरभीनं पहिल्यांदाच मान वर केली.

"तुला ठावं व्हतं, बाबा?"

"व्हय."

"तू उंदरांना देतो ती गोळी?"

"पूड असते."

"रोज?"

"रोज."

"वजन करून?"

"वजन करून," गजा म्हणाला.

पोरगी बघत राहिली. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मग तिनं हात पुढं केला, पाकिटं घेतली, उठून आत गेली आणि फळीवर ठेवल्याचा आवाज आला. परत बाहेर आली नाही. जरा वेळानं विमलबाईच म्हणाल्या, "च्या ठेवते." गजा नको म्हणाला. टमटम अजून कोपऱ्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो कामावर होता. भुसा बदलला, बाटल्या भरल्या. तीन माद्यांना खूण होती, तीन कार्डांवर तारीख घातली. मग काट्यावर कागद ठेवला, पिवळी पूड टाकली. काटा थोडा पुढं गेला. त्यानं चिमूटभर काढली, परत बघितलं, अजून थोडी काढली. बरोबर झाली तशी खाण्यात कालवली आणि पहिल्या पिंजऱ्याचं झाकण उघडलं.