सूचीत नसलेली सुनंदा

काल वाचनालयात एक म्हातारे गृहस्थ आमच्या पुरस्कारांच्या सूचीवरून बोट फिरवत बसले होते. 'स'चं पान संपलं, तरी बोट पुन्हा वर गेलं. तेव्हा मी त्यांना ओळखलं. हे सुनंदाचे वडील. शाळकरी लेक गेली तेव्हा त्यांनी इथं 'कै. कु. सुनंदा स्मृती बालवाचक पुरस्कार' सुरू केला होता.

सूची मीच केलीय. नियमही माझाच: कै. नको, स्मृती नको, लोक पुरस्काराला ज्या नावानं ओळखतात तेच नाव घ्यायचं. नाहीतर निम्मी सूची 'कै.'खालीच गोळा झाली असती.

"काका, 'ब'मध्ये बघा," मी म्हणालो. "बालवाचक पुरस्कार."

त्यांनी पान उलटलं, वाचलं आणि बोट तिथंच ठेवलं.

वर्षातून एकदा तरी कुणी आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यावं, एवढ्यासाठीच तर लोक असे पुरस्कार ठेवतात. पण सूत्रसंचालकाला घाई असते, बक्षीस घेणाऱ्या मुलीचं लक्ष ढालीकडे असतं, आणि गेलेल्याचं नाव दरवर्षी थोडं थोडं झिजत जातं. मी नियम केला नसता तरी ते झिजलंच असतं. मी फक्त ते झिजणं छापून टाकलं.

"पुढच्या आवृत्तीत पूर्ण नाव घालतो," मी म्हणालो.

"राहू द्या हो." ते काठी टेकत उठले. दारापर्यंत गेले आणि वळून त्यांनीच विचारलं, "यंदा बालवाचक पुरस्कार कधी आहे?"