डोमाजी, फागोले काहून काढलं?

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. बाजाराचा दिवस होता, दुकानात पंक्चरांची रांग लागली होती आणि मी एका टायरमधून काटा उपसत बसलो होतो. सुदाम आला, सायकल भिंतीला टेकवली आणि नुसताच उभा राहिला. "काय झालं गा?" असं विचारलं तर म्हणाला, "भाऊ, काका गेले. लाखांदूरले, पोरीच्या घरी. काल दुपारी जेवले, जरा आंग टाकलं, ते उठलेच नाही." काका म्हणजे डोमाजी. माणूस गेल्याचं ऐकलं की डोळ्यांत पाणी यावं, निदान तोंडातून 'अरेरे' तरी निघावं. माझ्या तोंडून निघालं, "असा कसा गेला? मले उत्तर नाही देल्लं त्यानं अजून!" रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. सुदामला मात्र नवल वाटलं नाही. कोणतं उत्तर, ते खैरटोल्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तुम्हा वाचकांना डोमाजी माहीत असायचं काही कारण नाही. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या खैरटोल्याच्या तलावाचे ते पाणकर. म्हणजे धानाला कोणाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, कधी पाणी सोडायचं, हे ठरवणारा माणूस. तलावाचं पाणी जिथून सुटतं त्या दगडी बांधकामाला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्या तुडुमाच्या दगडावर डोमाजी गेरूनं नावं लिहीत... वरच्या बांधीपासून शेवटच्या बांधीपर्यंत, वार आणि वेळ घालून. मनगटावर एक जुनं घड्याळ, ते बघून झडप उचलायची, ते बघूनच पाडायची. तरुणपणी ते काही वर्षं नागपूरला गिरणीत होते. तिथं गिरणीच्या संघात फुटबॉल खेळले आणि परत येताना ट्रंकेत कपड्यांऐवजी एक चेंडू घेऊन आले. त्या चेंडूपायी आमच्या आयुष्याची बारा-तेरा वर्षं वाया गेली, असं मी म्हणतो. गेली ती आनंदात गेली, हेही खरंच.

धान कापून झाले की मोकळ्या बांधीत सराव सुरू व्हायचा. चारी बाजूंनी मातीचे धुरे, त्यामुळे मैदान आयतंच आखलेलं. गोलाचे दोन बांबू थेट धुऱ्यात रोवलेले. चेंडू धुऱ्याला लागला की 'मेला', सगळे थांबायचे, जवळचा गडी तो हातानं उचलून गोलकीपरला द्यायचा. पोरं एकमेकांच्या पायात असा चेंडू खेळवायची की बघत राहावं. चेंडूत हवा भरायचं काम माझं, कारण पंप माझा. पण मी खेळणाऱ्यातला नव्हे, ओरडणाऱ्यातला. आम्ही वीस-पंचवीस जण होतो. जिल्हा लीगच्या खालच्या फळीतले सामने भंडाऱ्याला व्हायचे, आम्ही सायकलींवर डबलसीट, ट्रिपलसीट निघायचो, वैनगंगेच्या काठावर शिदोरी सोडायचो आणि मग मैदानाच्या कडेला उभं राहून घसा बसेपर्यंत आरडाओरडा करायचो. निम्मा आरडाओरडा समोरच्या संघावर असायचा आणि निम्मा आमच्याच डोमाजींवर.

त्याला कारण होतं. डोमाजींचा एक नियम होता. सामना संपायला वीस मिनिटं राहिली की दोन गडी बाहेर येणार आणि बसलेल्यांतले दोन आत जाणार. कोण येणार, कोण जाणार, हे आठवडाभर आधी तुडुमावर लिहिलेलं. एका अंगाला पाण्याची पाळी, दुसऱ्या अंगाला फुटबॉलची. आपण हरतोय की जिंकतोय, कोण रंगात आलाय, कोणाच्या पायात आज जादू आहे, हे बघायचंच नाही! जर्सी अकराच होत्या, म्हणून बाहेर येणारा घामानं ओली जर्सी काढून आत जाणाऱ्याला द्यायचा. आम्ही बोंबलायचो, "अजी डोमाजी, हे धान नोहे, फुटबॉल होय! घड्याळ टाका वैनगंगेत!" पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मी तरातरा चालत जाऊन त्यांना गाठलं तर शांतपणे म्हणाले, "केसव, जो पोट्टा रोज सरावाले येते, त्याची बी पाळी असते न बापा. तो का नुसते कपडे राखाले येते?" असल्या बोलण्यावर माणसानं काय करावं? मी कपाळावर हात मारून घेतला.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदाच वर चढायच्या बेताला आलो. शेवटचा सामना जिंकला की वरची फळी. बरोबरी झाली तरी खालीच. आणि आमच्याकडे फागो होता. तलावात जाळं टाकणाऱ्या घरचा, काटक, बोलायचा कमी. चेंडू त्याच्या पायाशी आला की पलीकडचे तीन-तीन गडी नुसते गोल फिरत राहायचे. आठ दिवस आधी तुडुमावर नावं आली आणि आम्ही हादरलो. बाहेर येणाऱ्यांत : फागो. आत जाणाऱ्यांत : नत्थू. नत्थूला नावं ठेवू नयेत, किडकिडा पोरगा, देवमाणूस, सरावाला एक दिवस चुकला नाही, पण लाथ अशी की चेंडू पूर्वेला मारला तर पश्चिमेला जायचा. आम्ही डोमाजींच्या घरी गेलो. हात जोडले. म्हातारीकोतारी माणसं आली. मी तर म्हटलं, "तुमच्या पाया पडतो, फक्त एवढा एक सामना." ते खाटेवर बसून सुपारी कातरत होते. "लिवलं ते लिवलं," एवढंच म्हणाले.

फागोनं पहिल्या अर्ध्यातच गोल केला. असा गोल मी पुन्हा पाहिला नाही, त्याचं वर्णन करायला बसलो तर जागा पुरायची नाही. एक-शून्य. पुढे आणखी दोनदा त्याचा चेंडू थोडक्यात हुकला. आम्ही नाचत होतो. मग डोमाजींनी घड्याळ बघितलं... हात वर केला. फागो निमूट बाहेर आला, जर्सी काढून नत्थूच्या हातात दिली आणि उघडाच डोमाजींशेजारी जाऊन बसला. मी काय काय बोललो ते इथं लिहिता यायचं नाही. दहा मिनिटं कशीबशी गेली. मग त्यांच्या गड्यानं एक फटका मारला, चेंडू आमच्या गोलाच्या खांबावर आपटून परत आला आणि समोर नत्थू होता. त्यानं काय करावं? त्यानं तो वाकून दोन्ही हातांनी उचलला आणि गोलकीपरकडे द्यायला निघाला! आमच्या बांधीत खांब धुऱ्यातच ना... खांबाला लागला म्हणजे धुऱ्याला लागला, म्हणजे मेला. रेफरीनं शिट्टी मारली. नत्थू चेंडू छातीशी धरून सगळ्यांची तोंडं बघत होता, "का झालं जी? का झालं?" असं विचारत होता. पेनल्टी, गोल, एक-एक. आम्ही खालीच राहिलो.

मी पुढच्या हंगामातल्या पहिल्या तीन सामन्यांना पंप दिला नाही. डोमाजी तोंडानं हवा भरायला बसले असते, पण माझ्या दारात आले नसते. चौथ्या सामन्याला मीच गेलो, काय करणार. तुडुमावर नावं बघितली तर आत जाणाऱ्यांत पुन्हा नत्थू! त्याची पाळी होती म्हणे. पोरगा लाजून यायला तयार नव्हता, डोमाजी त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले. बांधीतले बांबू मात्र त्यांनी गुपचूप धुऱ्यापासून चार पावलं पुढे आणून रोवले होते. ते बघून मी म्हटलं, "म्हंजे चुकलं हे कबूल हाये तं! मंग सांगा, फागोले काहून काढलं?" डोमाजी बांबू ठोकत राहिले.

तेव्हापासून दर वर्षी, दर हंगामात, लग्नात, बाजारात, मयताला सुद्धा, मी त्यांना हाच प्रश्न विचारला. मला दुसरं काही नको होतं. 'चुकलं गा केसव', एवढे तीन शब्द. पुढे फागो जाळ्यातच रमला, पोरं पांगली, संघ कधीतरी आपोआप बंद पडला. वर काही आम्ही गेलो नाही. मध्ये एका वर्षी पावसानं भाद्रपदात दगा दिला, तलावात पाणी गुडघाभर. वरच्या बांधीवाले मोठे शेतकरी डोमाजींच्या अंगावर धावून गेले, शेवटच्या बांध्यांना पाणी सोडूच नका म्हणून. डोमाजी झडपेवर बसून राहिले, शिव्या खाल्ल्या आणि घड्याळ बघून माझ्या बांधीत पाणी सोडलं. हो, शेवटची बांधी माझी. त्या वर्षी माझ्या घरी धान आला. मी त्यांचे आभार मानले नाहीत. पाळी होती माझी, आभार कसले मानायचे?

शेवटची भेट आखाडातली. लाखांदूरला पोरीकडे जायचं म्हणून ते एसटीची वाट बघत माझ्या दुकानात टेकले. पाय सुजले होते, आवाज खोल गेला होता. तुडुमावर यंदाची नावं लिहून आलो, बाकी सुदाम पाहील, असं म्हणाले. मी चहा मागवला आणि म्हटलं, "आता तं सांगा. फागोले काहून काढलं?" त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुह्या बांधीले पानी भेटते न?" म्हणाले. मी भडकलो. "मी फुटबॉलचं विचारून रायलो, अन् तुमी पान्याचं कायले सांगता?" तेवढ्यात एसटी आली. मी त्यांची पिशवी आत टाकली, रागारागातच.

परवा बुधवारी माझी पाळी होती, दुपारी दोन ते चार. धान निसवायला आलाय, आता पाणी नाही मिळालं तर लोंबीत दाणा भरायचा नाही. तुडुमावर गेलो. दगडावर डोमाजींच्या हातचा गेरू पावसानं थोडा फिका झालाय, पण वाचता येतो. सगळ्यांत खाली माझं नाव. सुदामच्या मनगटावर काकांचं घड्याळ होतं आणि वरच्या बांधीचा मालक त्याच्या शेजारी छत्री घेऊन उभा. सुदाम मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. या मालकायचा धान लय जोमात हाये. तुमच्यापेक्षा दुप्पट पिकन. आजचं पानी यायले देतो, तुमचं उद्या पाहू."

"जोमात हाये म्हून काय झालं?" मी ओरडलो. "पाळी माही हाये! लिवलं ते लिवलं!"

तलावावर आवाज घुमला आणि मला माझाच ऐकू आला. छत्रीवाले पुटपुटत निघून गेले. सुदामनं घड्याळ बघितलं आणि झडप उचलली. माझ्या बांधीपर्यंत पाणी यायला वेळ लागतो. मी धुऱ्यावर जाऊन बसलो, इतका चिडलो होतो की विडी पेटवताना तीन काड्या मोडल्या. नत्थूसारखाच बारीक, पिवळट दिसत होता माझा धान... पाणी आलं, मुळाशी शिरलं. फागोला काढायला नकोच होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. तिथं बसूनही मी तेच म्हणत होतो, मोठ्यानं, चार वाजेपर्यंत. पण समोरून सुपारी कातरल्याचा आवाज येत नव्हता, आणि मग मला रडू आवरेना.