कोरडा हंगाम आणि अधिक महिना

मी गणपतीच्या ऐन आठवड्यातली बालीची तिकिटं काढली. दोन माणसांची, जाऊन-येऊन. आणि रद्द केली तर काही परत मिळत नाही, तारीखही बदलता येत नाही, अशा जातीची.

यात कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी फसवलंही नव्हतं. सगळं मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, रविवारी सकाळी पोटभर पोहे खाऊन केलं. त्यात मी तळोज्याच्या एका कारखान्यात नियोजन विभागात आहे. पुढच्या सहा महिन्यांत काय, कधी आणि किती लागेल हे आधी सांगायचा मला पगार मिळतो. तो अजून मिळतो, कारण ही हकीकत मी ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही.

मुळात विषय निघाला तो पावसावरून. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि या चोवीस वर्षांत मी बायकोला जिथे जिथे नेलं तिथे तिथे पाऊस पडला. लग्नानंतर महाबळेश्वरला नेलं ते जुलैत, कारण हॉटेल अर्ध्या भावात मिळत होतं. का मिळत होतं ते तिथे गेल्यावर कळलं. चार दिवस आम्ही खोलीत बसून छताची गळती मोजली. मुलगी लहान असताना तारकर्लीला नेलं ते जूनच्या अखेरीस. होड्या सगळ्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. समुद्राकडे बोट दाखवून हॉटेलवाला म्हणाला, "आता ह्यो बंद." समुद्र बंद असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग आमच्या नेरूळच्या घराचं कर्ज फिटलं, मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली, आणि बायकोने एकच मागणी केली.

"मला एकदा कोरड्या अंगाने समुद्र बघायचाय. निळा. आपल्या खाडीसारखा नको. बाकी तुम्ही कुठेही न्या, पण डोक्यावर थेंब पडला तर मी तिथूनच एकटी परत येईन."

अशा मागणीला नियोजनच लागतं. मी कामाला लागलो. बालीचा बारा महिन्यांचा पाऊस काढला आणि रंगीत तक्ता केला. पावसाळी महिने निळे, कोरडे महिने पिवळे. तेव्हा कळलं की तिकडचा सगळा कारभार आपल्या उलटा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत लोक गच्चीवर ऊन खात बसतात तेव्हा बाली भिजत असते, आणि आपण जुलैत छत्री उलटी होऊन रस्त्यात उभे असतो तेव्हा तिकडे लख्ख ऊन. हे ज्ञान मी पुढचे आठ दिवस लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्येही दिलं. सेक्रेटरी म्हणाले, "बरं, पण टाकीच्या सफाईचं काय?"

आता कोरड्या महिन्यांतला कुठला निवडायचा? बायको बेलापूरला एका ऑफिसात आहे. तिला सलग आठवडाभर रजा मिळते ती जुलै संपल्यावर आणि सप्टेंबरची अखेर यायच्या आत. मधे एकच मोठी अडचण, घरचा गणपती. पाच दिवसांचा. बाबा होते तोवर त्यांच्याकडे होता. ते गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली, आणि तिच्याबरोबर गणपतीही आला. मी एकुलता एक. पूजेला मीच बसायचं, आणि बाकीचं सगळं, म्हणजे जे खरोखर करावं लागतं ते, बायकोने करायचं, अशी आमच्यात कामाची वाटणी.

बायकोने विचारलंसुद्धा. "गणपती कधी आहेत बघितलंत का?"

"बघितलं."

मी काय बघितलं ते सांगतो. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं. ते मी बघितलं नाही. मी मोबाइलमधले आरतीचे जुने फोटो बघितले. दोन वर्षांपूर्वी गणपती दहा सप्टेंबरला बसले होते. गेल्या वर्षी एकतीस ऑगस्टला. म्हणजे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. दोन ठिपके मिळाले की त्यांतून रेघ ओढायची आणि पुढे वाढवायची, हे आम्ही कारखान्यात रोज करतो. मी रेघ वाढवली. यंदा गणपती ऑगस्टच्या विसाव्याला येणार, पंचविसापर्यंत विसर्जन, आणि सप्टेंबर संपूर्ण मोकळा! सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याची तिकिटं काढली आणि तक्त्यातला तो पिवळा चौकोन जाड रेघेने बांधून टाकला.

फेब्रुवारी होता तो. नंतरचे पाच महिने माझ्यासारखा निश्चिंत माणूस नव्या मुंबईत दुसरा नसेल.

जुलैच्या अखेरीस सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, रविवारी जेवायला या. अधिक महिना लागलाय."

माझं सासर मूळचं साताऱ्याकडचं, आता ऐरोलीला. तिकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे, म्हणजे पुरण भरलेले उंडे, खाऊ घालतात, वर तांब्याच्या ताटातून तेहतीस अनारसे देतात. दर तीन वर्षांनी एकदा पंचांगात एक महिना जास्तीचा येतो आणि जावयाची चैन होते. चोवीस वर्षांत मी आठ वेळा हे जेवण जेवलो आहे. आठ वेळा अनारशांचा डबा मांडीवर घेऊन घरी आलो आहे. पण हा जास्तीचा महिना येतो कशाला, आणि आल्यावर बाकीच्या महिन्यांना कुठे ढकलतो, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. समोर तूप असलं की मला प्रश्न पडत नाहीत.

त्या रविवारी तिसरा धोंडा तोंडात होता तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "यंदा श्रावण दोन आले ना, सगळंच महिनाभर पुढे गेलं बघा. गणपती पार सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात."

धोंडा हा पदार्थ घाईने गिळण्यासारखा नाही. तो घशात जिथे होता तिथे थांबला. मी बायकोकडे बघितलं. ती शांतपणे माझ्या पानात तूप वाढत होती.

परत येताना गाडीत मी विचारलं, "ऐकलंस ना, आई काय म्हणाल्या?"

"हो."

"अगं, म्हणजे आपली तिकिटं..."

"गणपतीतली आहेत. माहितेय."

"कधीपासून?"

"मार्चपासून. ऑफिसात सुट्ट्यांची यादी लावलीय ना भिंतीवर. आम्ही बघतो भिंतीकडे."

"आणि तू पाच महिने बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं? दोन दिवस कपाळाला हात लावून बसला असतात, मग पैसे बुडाले म्हणून हळहळला असतात, आणि मग मला माथेरानला नेलं असतं. ऑगस्टमध्ये."

हे इतकं खरं होतं की मी घणसोलीपर्यंत नुसता वायपर चालू-बंद करत राहिलो.

"मग आता?"

"आता काय? मी जातेय," ती म्हणाली. "एकटी."

मला आधी वाटलं ती रागाने बोलतेय. राग ओसरेल, मग रडेल, मग मी समजूत काढीन, अशी माझी तयारी झाली. पण घरी आल्यावर आईने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून बायकोला विचारलं, "कळलं वाटतं याला?"

आईलाही माहीत होतं. मे महिन्यात दोघींनी बसून सगळं ठरवलं होतं. मुलीला फोन केला तर ती आधी खूप वेळ हसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला आत्ता कळलं?" आमच्या कुटुंबात नियोजन विभाग होता, फक्त मी त्यात नव्हतो.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून आईपुढे धर्म आणला. म्हटलं, "आई, घरची सून नाही आणि घरात गणपती, बरं दिसतं का? नैवेद्य कोण करणार? मोदक कोण करणार?"

आई चिपळूणकडची. सत्त्याहत्तर वर्षांची. तिने जपमाळ बाजूला ठेवली.

"मेल्या, वीस वर्षं त्या देवाचं सगळं हिने केलंय. देव ओळखतो तिला. एक वर्ष नसली तर तो काही म्हणायचा नाही. तुझं मात्र अवघड आहे. पाटावर बसून पळी-पळी पाणी सोडण्यापलीकडे काही केलंस कधी? मोदक तू करायचेस. मी खुर्चीत बसून सांगते."

"मी?"

"मग काय, तिकीट मी काढलेलं का?"

तेव्हापासून दर रविवारी मला शिकवणी लागली. तांदळाच्या पिठीची उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, मग हाताला तेल-पाणी लावून पारी करायची. ऐकायला सोपं आहे. माझी पारी एका बाजूला पापडाइतकी पातळ आणि दुसऱ्या बाजूला भाकरीइतकी जाड व्हायची. कळ्या पाडायला गेलो की सारण बाहेर यायचं. पहिल्या रविवारी मोदकपात्राचं झाकण काढलं तर आत हळदीच्या पानावर अकरा मोदकांचा एकच मोदक झाला होता. आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "चव बरी असेल. पण अंधारात खायला हवं."

बायको समोर बसून बॅग भरत असायची. सुती कपडे, उन्हाची टोपी, काळा चष्मा. छत्री नाही. मी म्हटलं, "असू दे एखादी." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा उकड मळायला घेतली.

तरी अधूनमधून मला वाटायचं, ही जाणार नाही. शेवटच्या क्षणी देवापाशी हिचा पाय अडेल. एकदा मी बघितलं, ती माळ्यावरून मखराचं सामान काढून पुसत होती, आणि पुसता पुसता थांबली होती. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"नको वाटतंय का जायला?" मी विचारलं. माझ्या आवाजात आशा होती, हे मला आता कबूल करायला हरकत नाही.

"नको नाही वाटत," ती म्हणाली. "भीती वाटते थोडी. एकटी कधी पुण्याच्या पुढे गेले नाही." मग तिने मखराची कमान माझ्या हातात दिली. "हा खिळा डावीकडचा. तुम्ही उजवीकडे ठोकाल म्हणून सांगतेय."

तेवढं ऐकल्यावर मी मुकाट्याने बसून प्रवासाचा नवा तक्ता केला आणि तिच्यासाठी छापला. कुठे उतरायचं, टॅक्सी कुठे मिळते, हॉटेलचा पत्ता, सगळं. तो घरीच राहिला. फ्रिजवर.

ती गेली त्या दिवशी नेरूळला धो-धो पाऊस होता. विमानतळावर सोडताना मी पूर्ण भिजलो आणि तिने माझ्यापासून हातभर लांब उभी राहून निरोप घेतला. जाताना कोरडंच जायचं म्हणाली.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी नारळ आणायला वाशीच्या घाऊक बाजारात गेलो. तिथे नारळ सुटे देत नाहीत हे गोणी डिकीत पडल्यावर कळलं. आई म्हणाली, "मोदक करतोयस की दुकान टाकतोयस?" पण दुसऱ्या दिवशी गुरुजी वेळेवर आले, प्रतिष्ठा झाली, आणि नैवेद्याच्या ताटात एकवीस मोदक होते. त्यांतले सात मोदकांसारखे दिसत होते. ते आईने पुढे लावले.

दुपारी दर्शनाला माणसं यायला लागली. प्रत्येकजण हात जोडून झाले की इकडेतिकडे बघायचा.

"वहिनी दिसत नाहीत?"

मी काही बोलायच्या आत खुर्चीतून उत्तर यायचं. "बालीला गेल्येय. समुद्र बघायला. तू मोदक घे. हसू नको, खा."

सेक्रेटरींनी मोदक घेतला, उलटापालटा करून बघितला आणि अत्यंत सौजन्याने विचारलं, "हे बाजूने फोडायचं का?"

चारच्या सुमारास बायकोचा व्हिडिओ कॉल आला. आईने मोबाइल हातातून ओढूनच घेतला. पडद्यावर आधी नुसतं निळं दिसलं, खाली-वर सगळं निळं. मग टोपी आली, आणि टोपीखाली माझी बायको. चोवीस वर्षांत तिचा असा चेहरा मी बघितलेला नव्हता. भिजलेली नव्हती, दमलेली नव्हती, आणि घड्याळाकडे बघत नव्हती.

"आई, इथे दारादारात गणपती आहेत," ती सांगत होती. "दगडाचे, मोठे-मोठे. सकाळी बायका येतात, फूल ठेवतात, उदबत्ती लावतात. मीही ठेवलं एक जास्वंदीचं. कॅमेरा फिरवा ना, आपला बघू दे."

आईने आमचा गणपती दाखवला. मग ताट दाखवलं. बायकोने टोपी मागे सरकवून मोदक बघितले. "ताट छान मांडलंय," ती भल्या मनाने म्हणाली.

"पाऊस?" आईने विचारलं.

"थेंब नाही."

"भीती वाटली का गं?"

"विमान सुटेपर्यंत. मग नाही."

तेव्हा कुठे मोबाइल माझ्याकडे आला. आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण सकाळपासून एकवीस मोदक वळलेला माणूस चांगल्या शब्दासाठी आसुसलेला असतो. आई आणि सेक्रेटरी दोघं ऐकत असताना मी जरा गहिवरून विचारलं, "विमानात शेजारची माझी सीट रिकामी बघून आठवण आली असेल ना माझी?"

"आली ना," बायको म्हणाली. "तिथे माझी पर्स ठेवली होती. इतकं बरं वाटलं. पर्स निदान घोरत नाही, आणि खाली कुठला देश आहे ते चुकीचं सांगत नाही."