बारा मिनिटांचं कुंपण

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, धावडा येथील एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानाच्या गच्चीवरून एका शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अंतराळाशी संपर्क प्रस्थापित झाला, आणि त्याच दिवशी साडेनऊच्या आत तो रद्द करण्यात आला. दरम्यान ज्यांनी पेढे खाल्ले, त्यांच्याकडून ते परत मागितले जाणार नाहीत.

दुकान माझं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणं हा माझा धंदा. धंदा संपल्यावर मी जे करतो त्याला बायकोने आजवर नाव ठेवलेलं नाही, नावं मात्र भरपूर ठेवली आहेत. या उद्योगात आम्ही पाच जण आहोत. त्यांत जाफराबादहून जीपने लटकत येणारे एक गुरुजी आहेत. गल्लीतली अकरा घरं एकाच इंटरनेटवर आणण्याचा पराक्रम आमचाच. वानरांनी त्या केबलचा दोनदा झोका केला आणि आम्ही दोनदा ती पुन्हा ओढली. थोडक्यात, आमचा आत्मविश्वास अंतराळात जाण्याइतका वाढलेला होता.

तशात गल्लीतलीच एक मुलगी घरी आली. बाहेरगावी इंजिनिअरिंगला होती. तिच्या कॉलेजच्या पोरांनी जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह बनवला होता आणि तो वर गेलाही होता. पण वर गेल्यापासून आठ दिवस त्याने तोंड उघडलं नव्हतं. त्याची अँटेना हिने बनवलेली. सुतारी मोजमापाच्या पोलादी टेपची पट्टी घडी घालून दोऱ्याने बांधायची, वर गेल्यावर तापलेल्या तारेने दोरा जळतो आणि पट्टी ताडकन उघडते. ती उघडलीच नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सोमवारी अहवाल जाणार होता आणि त्यात तसं लिहिलं जाणार होतं. म्हणजे उपग्रह मेला, आणि हिच्या हातून मेला.

तिचं म्हणणं वेगळं होतं. त्याचा आवाज बारीक असेल आणि शहराच्या गोंगाटात कॉलेजला तो ऐकू येत नसेल. आपल्याकडे आभाळ शांत आहे. काका, तुमच्या गच्चीवरून बघू या का?

बघू या का, असं मला कुणी विचारू नये. शुक्रवारी संध्याकाळी सुताराकडून जुना टेप आणला, कापला, प्लास्टिकच्या नळीवर सहा पट्ट्या बसवल्या आणि आमचीही अँटेना झाली. तिची वर आणि आमची खाली, दोन्ही सुताराच्या दुकानातल्या, याचा मला भलताच अभिमान वाटला.

शनिवारी उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळेला मुलीने अँटेना आभाळाकडे धरली, मी अँटेनेला जोडलेल्या रेडिओचं बटण फिरवलं आणि आवाज आला. टक्, टक्, टक्. सेकंदाला एक, अगदी शिस्तीत. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गावाच्या ग्रुपवर घोषणा ठोकली आणि चौकातून पेढे मागवले. लोक जिना चढून येऊ लागले. मी दोन पायऱ्या वर उभा राहून अंतराळ म्हणजे काय ते सांगत होतो. मुलगी तेवढी घड्याळ बघत होती.

“काका,” ती हळूच म्हणाली, “उपग्रह मावळून नऊ मिनिटं झाली. हे अजून टकटक करून राह्यलंय.”

खरा उपग्रह येताना त्याचा सूर चढा असतो, जाताना उतरतो, गाडीच्या भोंग्यासारखा. हा सूर जागचा हलत नव्हता. तिने अँटेना चहूकडे फिरवली. आवाज सगळ्यात मोठा आला तो दुकानामागच्या आबांच्या मक्यातून. रोही म्हणजे नीलगायी आणि डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून आबांनी शेताला तार ओढलेली, आणि त्या तारेत दर सेकंदाला झटका सोडणारं मशीन. आम्ही त्या मशीनशी संपर्क साधला होता. बायकोने उरलेले पेढे झाकून ठेवले आणि विचारलं, मशीनचं बारसं तर झालं, आता नाव काय ठेवता?

आता उरला एकच दिवस. रविवारी सकाळी त्याच सुमाराला, उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंतची बारा मिनिटं मशीन बंद राहायला हवं होतं, नाहीतर त्या टकटकीत त्याचा बारीक आवाज बुडाला असता. आधी मी गेलो. आबांनी मला रोह्याने उद्ध्वस्त केलेल्या दोन ओळी दाखवल्या आणि परत पाठवलं. मग मुलगी गेली. तिने अँटेना, दोरा, सोमवार, सगळं सरळ सांगितलं. आबांनी मक्यावर एक नजर फिरवली.

“बारा मिनटांत रोही काय करतो, ठाव हाय का तुला?” ते म्हणाले. “बंद करतो. पर तारेच्या जागी मान्सं उभी करा. आन् मी वरून बघणार.”

अशा रीतीने विज्ञानासाठी मानवी कुंपण उभं राहिलं. गुरुजी बांधावर ताट आणि चमचा घेऊन, माझी बायको पत्र्याचा डबा घेऊन, बाकीचे उरलेल्या बाजूंना. आबांनी स्वतः मशीन बंद केलं, गच्चीवर आले आणि कठड्याला टेकून मक्याकडे डोळे लावून बसले.

रेडिओत नुसती खरखर. एक मिनिट. दोन मिनिटं. मुलगी अँटेना तसूतसूने फिरवत होती. आणि खरखरीच्या तळातून डासाएवढा आवाज वर आला. टी, टिटी, टी. चढा होता, आणि घसरत होता.

नेमका तेव्हाच गुरुजींच्या बाजूला एक दांडगा रोही मक्यात घुसला. गुरुजी आभाळाकडे बघत होते. आबा ताडकन उठले, हाक मारायला तोंड उघडलं, मुलीकडे पाहिलं आणि मिटलं. मग डोक्याचा रुमाल काढून त्यांनी तो मुकाट्याने असा काही फिरवला की खाली गुरुजींनी ताट बडवत थेट रोह्यामागे धूम ठोकली.

मुलगी एका हाताने अक्षरं लिहून घेत होती, तारायंत्राच्या जुन्या टिंब-रेघांच्या भाषेतली. आधी उपग्रहाचं नाव, मग बॅटरी, आणि शेवटी अँटेना उघडल्याची खूण. तिने ते अक्षर लिहिलं, त्यावर दुसऱ्यांदा गिरवलं आणि गच्चीवर मटकन बसली. मी नाचलो. पन्नाशीचा माणूस जसा नाचतो तसा, पण नाचलो.

मोबाइलवर घेतलेलं ध्वनिमुद्रण आमच्या अकरा घरांच्या केबलवरून कॉलेजला गेलं. अर्ध्या तासात तिच्या सरांचा फोन आला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. आवाज स्वच्छ आहे, अहवालातलं ते वाक्य काढलंय, शाब्बास, असं सर म्हणाले. आणि मग जरा अडखळत विचारलं, उद्याही याच वेळेला ऐकता येईल का?

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. त्यांच्या मक्याची एक कड आडवी झालेली वरून स्पष्ट दिसत होती. आबांनी तिकडे पाहिलं, मग मान वर करून आभाळाकडे.

“म्हणावं त्याला बिनघोर ये,” ते फोनच्याही वरच्या आवाजात बोलून गेले, “उद्या बी बंद ठिवतो मशीन!”