टँकरमागची ओली पट्टी

मी मोटारसायकल शिकलो ती दुष्काळात. त्यामुळं कोरड्या रस्त्यावर मी कुणाला हार जायचो नाही आणि ओल्या रस्त्यावर माझी बोंब होती. ही बोंब नांदेडच्या शर्यतीत भर गर्दीत उघडी पडली. शर्यत सुरू असतानाच एक सर आली आणि पुढच्या वळणावर मी आडवा झालो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. नव्या जिल्ह्याच्या नावानं उतरलेला मी एकटा, आणि भोंग्यावरून त्या नावासकट माझं पडणं जाहीर झालं. कोपर सोललं होतं, पण त्याहून जास्त ते नाव झोंबलं.

गाडी माझी नव्हती. लातुरात ज्या गॅरेजात मी काम करायचो, त्याच्या मालकाची होती, आणि 'माझी गाडी' हे शब्द तो दिवसातून दहा वेळा ऐकवायचा. परत येताना टेम्पोत तो अहमदपूरपर्यंत गाडीवरचे ओरखडे मोजत बसला. मग म्हणाला, "पुढल्या साली अजून एक डाव देतो. परत पडलास की माझी गाडी दुसऱ्याला. कळालं?"

कळालं. गाडी सोडायची नाही, एवढं मी तिथंच पक्कं केलं.

पण पावसातली गाडी शिकायची तर पाऊस पाहिजे, आणि आमच्याकडं तो पुन्हा तोंड दाखवेना. रस्त्यावर बादलीभर पाणी ओतून सराव केला असता, तर गल्लीनं मला कुटून काढलं असतं आणि बरंच केलं असतं. मग माझ्या नजरेत भरला टँकर. खेड्यांना पाणी पोचवणारा तो टँकर मागून सारखा गळायचा आणि धुळीनं भरलेल्या डांबरावर एक ओली पट्टी पडत जायची. मी कामावर जायच्या आधी गाडी काढली आणि त्या पट्टीवर घातली.

ड्रायव्हर चाचांनी दोन दिवस आरशात बघितलं. तिसऱ्या दिवशी टँकर थांबवून खाली उतरले. "का रं, पाणी चोरून राहिला काय?"

"न्हाई चाचा. घसरायला शिकून राहिलो."

चाचा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिले. "जगात लोक चालायला शिकतेत, अन् हे येडं घसरायला!" असं म्हणून ते पुन्हा चढले. पण त्यानंतर मी मागं दिसलो की मुद्दाम वेग कमी-जास्त करायचे. कदाचित मला शिकवायला, कदाचित नुसती गंमत म्हणून.

वर्षभराच्या धुळीवर थोडंसं पाणी पडलं की रस्ता साबणासारखा होतो. त्यावर मी किती वेळा लोळलो, ते आई कपडे झटकताना बोलून दाखवायची. हळूहळू अंगात भिनत गेलं. पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. वळण यायच्या आधीच वेग उतरवायचा. हँडल गच्च आवळलं की गाडी हट्टाला पेटते, सैल धरलं की आपली आपण सरळ होते. वेगाची मूठ पिळायची ती केसभर.

पुढची शर्यत आली. नांदेडबाहेरचा तोच डांबरी फेरा. आकाश भरून आलेलं, आणि शेतकऱ्यांइतक्याच कळकळीनं मी वर बघत होतो. शर्यत अर्ध्यावर असताना थेंब पडले. रस्ता साबण झाला. माझ्या पुढचे एकेक घसरत गेले आणि मी त्यांच्यातून वाट काढत सगळ्यांच्या पुढं निघालो. हेल्मेटच्या आत मी चक्क ओरडत होतो.

मग पाऊस धो धो लागला आणि नांदेडचे दोघं माझ्या दोन्ही अंगांनी सुसाट निघून गेले. मला कळेना. मी तर सगळं बरोबर करत होतो! पुढच्या वळणावर ध्यानात आलं. धूळ वाहून गेली होती. धुतलेलं डांबर चाक धरून ठेवत होतं, आणि मी अजून साबणावर असल्यासारखा चोरपावलांनी चाललो होतो. टँकरनं मला फक्त पहिली ओल शिकवली होती. एवढा पाऊस मला कुणी शिकवलाच नव्हता.

तिसरा नंबर नक्की होता. न पडता तिसरा आलो असतो तर गाडी माझ्याकडंच राहिली असती. शेवटचं वळण समोर आलं, तिथंच मालक छत्रीविना उभा दिसला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तरी मी मूठ पिळली, केसभर नाही, पुरती. मागचं चाक बाहेर सरकलं, गुडघा जवळजवळ पाण्याला टेकला. मी हँडल सैल सोडलं. चाक भटकलं, थरथरलं आणि रस्त्याला चिकटलं. एकाला मी वळणातच मागं टाकलं. दुसऱ्याला गाठता गाठता शेवटची रेघ आली. दुसरा आलो.

मालक चिखल तुडवत आला. "पडला असतास म्हंजे?"

"पडलो असतो," मी म्हणालो.

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकं बघितली. पाऊस पडतच होता.

"तुझी गाडी हितंच धुऊन घे," तो म्हणाला. "घरी पाणी न्हाई."