टर्बोची गाडी मी विकली नाही

टर्बो पेट्रोल गाडी घेतली तेव्हा रोह्यात प्रत्येकाने मला बजावलं होतं, हे इंजिन तापतं, ऑइल खातं, बाईमाणसाला झेपायचं नाही. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर उकळती द्रावणं हाताळणाऱ्या बाईला तापण्याची भीती कसली घालता, असं मनात म्हटलं आणि चावी घेतली.

माझं माहेर पेणला. तिथे दादा आणि वहिनी असतात. दादाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे आणि दारात जुना डिझेल टेम्पो. त्या टेम्पोवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. रविवारी सुट्टी असली की मी पेणला जाते.

मे महिन्यातल्या अशाच एका रविवारी भिसे खिंडीत भरलेल्या ट्रेलरमागे अडकले. एसी चालू, चढण, खालचा गिअर. वाट मिळाल्यावर गाडी दामटली ती थेट पेणपर्यंत. दादाच्या अंगणात शिरून इंजिन बंद केलं आणि बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास आला. दादा हातातला ब्रश ठेवून बाहेर आला.

"सांगितलं होतं ना," तो म्हणाला. "आता ऑइल बघ, संपलं असंल."

गाडी जरा निवल्यावर मी ऑइल मोजायची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं.

"खाते म्हणतात, ही तर वाढवते," दादा म्हणाला.

मी पट्टी नाकाशी धरली. पेट्रोलचा वास होता. वास ओळखायचाच मला पगार मिळतो.

त्या आठवड्यात गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मी पहिल्यांदा नीट वाचलं. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत मोठ्या दाबाने फवारलं जातं. माझं घर ते कंपनी रस्ता एवढासा, इंजिन गरम होतंय न होतंय तोच मी ते बंद करायची. मग थंड भिंतींना लागलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरत राहायचं आणि ऑइल पातळ व्हायचं. टर्बोची तऱ्हा वेगळी. त्याचं चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूंच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबतं, आणि त्याच्या दांड्याला वंगण देणारं, गार ठेवणारं तेच ऑइल. गाडी पळवून आल्या आल्या बंद केली की ऑइल जिथल्या तिथे थांबतं आणि तव्यावर राहिलेल्या तेलासारखं करपतं. एवढंच. यात बाईमाणसाला न झेपण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

रोह्यातल्या गॅरेजवाल्याने गाडी उघडली. टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडावर तेल झिरपत होतं आणि तापलेल्या धातूवर पडून जळत होतं. त्याने जोडाचा वॉशर बदलला.

"ताई, आता जाड ऑइल टाकतो. टर्बो हाय, जरा शांत होईल."

"नाही. पुस्तकात लिहिलंय तेच टाका."

"पुस्तकावर गाडी चालत नाय."

"तुमच्या अंदाजावरही चालायची नाही. बारीक नळ्यांतून जाड ऑइल वेळेवर पोचलं नाही तर टर्बो माझा जाईल."

त्याने तोंड वाकडं केलं, पण तेच ऑइल टाकलं.

पुढच्या रविवारी पेणला पोचले तर अंगणात मूर्तींच्या रांगेशेजारी खुर्ची टाकून एक अनोळखी माणूस बसला होता. टर्बो निवेपर्यंत मी इंजिन चालू ठेवून गाडीतच बसले. दादा खिडकीशी आला.

"हे वडखळचे. गाडी बघायला आलेत. बंद कर आणि खाली उतर, नीट बघू दे त्यांना."

"गाडी विकायची नाही."

"अगो, तुझ्या भल्यासाठी सांगतो. उद्या खिंडीत बंद पडली तर?"

"तर कडेला उभी राहीन. तुझा टेम्पो खिंडीत बसला होता, तेव्हा मी गिऱ्हाईक आणलं होतं का?"

तो माणूस अवघडून उठला. "ताई, मला वाटलं तुमची संमती हाय."

"तुमची चूक नाही. पण मला विचारलं नव्हतं."

इंजिन आपल्या वेळेला मी बंद केलं. वहिनी चहा घेऊन आली आणि पहिला कप तिने मला दिला, पाहुण्याला नाही. दादाने ते बघितलं.

त्यानंतर बरेच दिवस दादा माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी मात्र रविवारी जात राहिले. ऑइल आता ठरलेल्या मुदतीच्या खूप आधी बदलते. शोरूममधला मुलगा म्हणतो, मॅडम, गरज नाही. मी म्हणते, मला आहे. कंपनी सुटल्यावर सरळ घरी न जाता कोलाडपर्यंत फेरी मारते, इंजिन पुरतं गरम होऊ देते. पेट्रोल उगाच जाळतेस, असंही ऐकून झालं. पट्टीवरचं ऑइल खुणेच्या वर गेलेलं नाही.

टर्बो कधीतरी जाईलही. यंत्रच आहे ते. गेला तर दुरुस्त करीन. परवा लॅबमधल्या नव्या मुलीने विचारलं, कुठली गाडी घेऊ, घरचे टर्बोला नको म्हणतात. मी तिला सगळं सांगितलं, वासासकट. मग म्हटलं, "आता तुझं तू ठरव. घरच्यांना नंतर सांग."